थ्रस्टरची ताकद जाते कुठे

आमच्या बोटीच्या नाळेतला, म्हणजे पुढच्या टोकातला, थ्रस्टर (नाळ आडवी ढकलणारा विजेचा पंखा) यंदा होळीनंतर मधूनमधून ढिला पडू लागला. कळ दाबली की सुरुवातीला तो नेहमीसारखा घुमायचा, नाळ बाजूला सरकू लागायची, आणि मग थोड्याच वेळात आवाज उतरत जाऊन पुढच्या कप्प्यातून नुसती टक-टक ऐकू यायची. काही मिनिटे थांबून पुन्हा कळ दाबली, तर पुन्हा तोच क्रम. असा अर्धवट दोष पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अधिक घातक असतो, कारण धक्क्याला लागताना ज्या क्षणी आपण त्याच्यावर भिस्त ठेवतो नेमक्या त्याच क्षणी तो हात वर करतो. हा दोष शोधताना काय काय तपासले आणि का तपासले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. थ्रस्टर बिघडला म्हणजे मोटार जळली किंवा बॅटरी गेली, असा सल्ला कोणत्याही धक्क्यावर सहज मिळतो, आणि त्या सल्ल्याची किंमत बरीच मोठी असते.

थ्रस्टरची रचना तशी साधी आहे. नाळेत, पाण्याच्या पातळीखाली, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार एक नळीसारखा बोगदा बसवलेला असतो. आमच्या बोटीत त्याचा व्यास १४० मिलिमीटर आहे. बोगद्याच्या मध्यावर छोटा पंखा, त्याला फिरवणारा गिअर आणि त्याच्या वर, बोटीच्या आत, बारा व्होल्टची विजेची मोटार. मोटार कोणत्या दिशेने फिरावी हे दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे चुंबकी स्विच, ठरवतात: एक डावीकडे ढकलण्यासाठी, दुसरे उजवीकडे. सुकाणूजवळच्या कळीतून या सोलेनॉइडना केवळ हलकासा इशारा जातो; खरा प्रवाह बॅटरीतून जाड केबलने, सोलेनॉइडच्या संपर्कांमधून, मोटारीकडे जातो. हा प्रवाह दोनशे अँपिअरच्या घरात असतो, आणि थ्रस्टरच्या बहुतेक कटकटींचे मूळ या एका आकड्यात आहे. बारा व्होल्टवर चालणाऱ्या दिव्याच्या वायरीत एखादा जोड थोडा खराब असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु त्याच जोडातून दोनशे अँपिअर न्यायचे ठरवले की तो जोड तापतो, व्होल्टेज खातो आणि मोटारीला उपाशी ठेवतो.

आमची बोट जयगडच्या खाडीत असते. नऊ मीटर लांबीची, फायबरची, एकाच इंजिनाची आणि जवळपास सपाट तळाची अशी ही बोट हलकी असल्याने वाऱ्यावर लगेच भरकटते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे साधारण मध्यान्हाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढे संध्याकाळपर्यंत सुकती (ओहोटी) लागते, म्हणजे नेमक्या वाऱ्याच्या वेळी शास्त्री नदीचे सगळे पाणी खाडीच्या तोंडाकडे धावत असते. पाणी एकीकडे ओढते, वारा दुसरीकडे लोटतो, आणि तवसाळची फेरीबोट मध्ये आली तर तिला वाट देऊन थांबावेही लागते. अशा वेळी नाळ धरून ठेवणे केवळ सुकाणूला जमत नाही, कारण बोट जवळपास स्थिर असताना सुकाणूवरून पाणीच वाहत नाही. मागे घेताना तर इंजिनाचा, पुढे जाताना उजवीकडे फिरणारा, पंखा बोटीची मागची बाजू डावीकडे खेचतो, ते वेगळेच.

थ्रस्टरला किती जोर लावावा लागतो याचा अंदाज बांधता येतो. वीस नॉट वारा म्हणजे सेकंदाला सुमारे दहा मीटर, आणि या वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण सहा किलो भाराइतका पडतो. आमच्या बोटीची पाण्यावरची बाजू आठ चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आडव्या वाऱ्यात बोटीवर अठ्ठेचाळीस किलोचा रेटा येतो. त्यातला निम्मा भार नाळेने पेलायचा असे धरले, तर थ्रस्टरने केवळ वाऱ्याला तोंड देण्यासाठी चोवीस किलो जोर लावायला हवा. आमचा थ्रस्टर चाळीस किलोचा आहे, पण हे चाळीस किलो मोटारीच्या टोकांवर साडेदहा व्होल्ट असतील तेव्हाचे. पंख्याचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो आणि ढकलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. मोटारीवर ८.१ व्होल्टच पोहोचले, तर जोर चाळीसावरून चोवीसवर येतो. वीस नॉट वाऱ्यात याचा अर्थ असा, की थ्रस्टर चालतो आहे, आवाज येतो आहे, आणि नाळ मात्र जागची हलत नाही. आमचा अनुभव अगदी हाच होता.

तपासणीची सुरुवात मी हत्यारे न काढता एका प्रश्नापासून केली: दोष दोन्ही दिशांना सारखाच आहे का? हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. थ्रस्टर डावीकडे उत्तम ढकलत असेल आणि उजवीकडे काहीच करत नसेल, तर बॅटरी, मुख्य केबल, फ्यूज, मोटार आणि पंखा हे सगळे निर्दोष ठरतात, कारण ते दोन्ही दिशांना सामाईक आहेत. मग उरते त्या एका दिशेचे सोलेनॉइड, त्याच्याकडे येणारी बारीक वायर किंवा कळीतला संपर्क. याउलट मोटार जोरात फिरते आहे पण पाणी हलत नाही, असे असेल तर दोष विजेचा नसून पंख्याच्या पिनचा किंवा मोटार आणि गिअर यांच्यातल्या कपलिंगचा असतो. काठीचा तुकडा बोगद्यात अडकला तर गिअर वाचावा म्हणून ही पिन मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. आणि काहीच घडत नसेल, टक असा आवाजही येत नसेल, तर आधी कळीचे पॅनेल चालू आहे का ते पाहावे, कारण काही वेळ वापर झाला नाही तर बरीच पॅनेले आपोआप बंद होतात. आमच्या बाबतीत दोन्ही दिशांना दोष तंतोतंत सारखा होता. त्यामुळे एखादे सोलेनॉइड हे मूळ कारण नव्हते, हे बसल्या जागी ठरले.

सामाईक गोष्टींपैकी पंखा पाहणे सर्वांत स्वस्त. फाल्गुनातल्या अमावास्येच्या उधाणात संध्याकाळच्या सुकतीला आम्ही बोट धक्क्याजवळच्या वाळूवर बसवली आणि बोगद्यात टॉर्च मारला. आतल्या भिंतीवर बार्नेकलची कवचे दाटीवाटीने बसली होती, आणि पंख्याच्या बुडाशी कोणाच्या तरी गळाचा तंगूस इतका घट्ट गुंडाळला गेला होता की तो सुरीने कापून तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला. बोगदा लाकडी खरवडणीने साफ केला. बोगद्याच्या आत आणि पंख्याच्या पात्यांवर शेवाळरोधक रंग लावण्यास हरकत नसते, परंतु टोकाशी बसवलेल्या झिजणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर तो कधीही लावू नये. रंग लागला की ठोकळा झिजत नाही आणि त्याच्याऐवजी गिअरचे आवरण झिजू लागते. खाडीचे पाणी पावसाळ्यानंतर बराच काळ निमखारे असते, म्हणून जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचा ठोकळा येथे अधिक चांगले काम देतो. असो. भरती आल्यावर चालवून पाहिले, तर आवाज थोडा मोकळा झाला होता, पण दोष जागेवरच होता.

या टप्प्यावर धक्क्यावर दोन मते पडली. ज्यांच्या अनुभवाला मी नेहमी मान देते ते वयोवृद्ध तांडेल म्हणाले, "बाई, मोटारच्या कार्बनात दम राहिला नसेल." कार्बन म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, घासून झिजणारे तुकडे. मच्छीमार बोटींची कामे करणारा आमचा तरुण वायरमन बॅटरीवर मल्टिमीटर लावून पाहत होता. "ताई, बॅटरी साडेबाराच्या वर दाखवतेय," तो म्हणाला, "म्हणजे करंट चांगला आहे. मोटारच उतरवू या." त्याचे मोजमाप बरोबर होते, शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काहीही चालू नसताना, १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी रिकामी झाली की १२.२ च्या आसपास येते. परंतु थ्रस्टर बंद असताना घेतलेले हे माप थ्रस्टरविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज उतरत नाही; सडलेल्या केबलच्या टोकालाही मीटर पूर्ण १२.७ दाखवतो. माप घ्यायचे ते मोटार भाराखाली फिरत असताना.

मोटार उतरवण्याआधी मी एक गोष्ट मोजायचा आग्रह धरला, ती म्हणजे प्रवाह. त्यासाठी डीसी मोजणारे क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती चिमट्यासारखे लावायचे मीटर, लागते. घरगुती विजेच्या कामाला वापरतात ते बहुतेक क्लॅम्प मीटर केवळ एसी प्रवाह मोजतात आणि बोटीवर शून्य दाखवतात, हे खरेदी करताना पाहून घ्यावे. पंख्यात काही अडकले असेल किंवा बेअरिंग जाम होत असेल, तर मोटारीला अधिक कष्ट पडतात आणि प्रवाह नेहमीपेक्षा वाढतो. याउलट वाटेत कुठे व्होल्टेज गळत असेल, तर मोटार हळू फिरते, पंख्याला पाण्याचा विरोध कमी होतो आणि प्रवाह नेहमीपेक्षा घटतो. आमच्या मीटरवर सुरुवातीला १७० अँपिअर आले आणि पाहता पाहता ते १३० च्या खाली उतरले. प्रवाह कमी, म्हणजे मोटार अडलेली नव्हती. झिजलेल्या कार्बनामुळेही प्रवाह घटू शकतो, त्यामुळे तांडेलांचा तर्क अजून बाद झालेला नव्हता. पण मोटारीच्या टोकांवरचे व्होल्टेज त्याचा निकाल लावणार होते. तिथे पूर्ण व्होल्टेज येऊनही प्रवाह कमी असेल तर दोष मोटारीत. व्होल्टेजच कमी असेल तर दोष तिच्यापर्यंतच्या वाटेत.

हे काम दोघांनी करायचे असते आणि थोड्या थोड्या वेळाने करायचे असते. थ्रस्टरच्या मोटारी सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक चालवण्यासाठी बनवलेल्या नसतात; त्यापुढे आतला तापमानाचा स्विच त्यांना बंद करतो, आणि मग आपण शोधत असलेल्या दोषात हा नवा गोंधळ मिसळतो. म्हणून बोट पुढून-मागून दोरखंडांनी पक्की बांधून पुतण्याला कळीपाशी बसवले, आणि मी हाक दिली की त्याने पाच-सात सेकंद कळ दाबायची, असे ठरवले. पाण्यात कोणी उतरलेले नाही याची खात्री प्रत्येक वेळी करायची. बोट पाण्याबाहेर असताना थ्रस्टर चालवून पाहण्याचा मोह तर कधीच करू नये, कारण भार नसताना अशी मोटार बेफाम वेग घेऊन स्वतःलाच तोडू शकते. आणि नट सैल करायची वेळ आली की आधी मेन स्विच बंद, मग बॅटरीची वजा बाजू सुटी, आणि हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून खिशात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांना पाना लागला तर क्षणात तो तापून लाल होतो, आणि चार्जिंगनंतर बॅटरीच्या कप्प्यात साचलेल्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते.

पहिल्या मापात, मोटार फिरू लागताच, बॅटरीच्या टोकांवर ११.६ व्होल्ट होते आणि मोटारीच्या टोकांवर ९.३. बॅटरी दोषी असती, तर भार पडताच तिचे स्वतःचेच व्होल्टेज नऊ-साडेआठपर्यंत कोसळले असते. एखादा कोष मेलेल्या बॅटरीचे लक्षण तेच. येथे बॅटरी ठाम उभी होती आणि तिच्यापासून मोटारीपर्यंत २.३ व्होल्ट हरवत होते. वीसएक सेकंद कळ दाबून ठेवली तेव्हा मोटारीवरचे व्होल्टेज ८.१ वर आले आणि टक-टक सुरू झाली. या टक-टकीचा उलगडाही येथेच झाला. सोलेनॉइडच्या गुंडाळीला वीज मोटारीजवळूनच मिळते. व्होल्टेज फार उतरले की गुंडाळीची पकड सुटते, संपर्क उघडतो, मोटारीचा भार जातो, भार गेल्याबरोबर व्होल्टेज पुन्हा चढते, गुंडाळी पुन्हा पकडते, भार पुन्हा येतो आणि व्होल्टेज पुन्हा कोसळते.

हरवलेले व्होल्टेज नेमके कुठे हरवते, हे शोधण्याची रीत मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मीटरची एक सुई बॅटरीच्या अधिक टोकावर आणि दुसरी मोटारीच्या अधिक टोकावर ठेवायची. दोन्ही टोके एकाच तारेची असल्याने मीटरने शून्य दाखवायला हवे. भाराखाली तो जे काही दाखवील तेवढे व्होल्टेज त्या वाटेत खर्च होत आहे. बॅटरी मागे इंजिनाजवळ आणि मोटार पुढे नाळेत, मग मीटरच्या वायरी एवढ्या लांब पुरणार कशा? त्यासाठी साधी बारीक वायर जोडून एक सुई लांबवता येते. मीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नसल्याने ती वायर कितीही बारीक असली तरी मापात फरक पडत नाही. अधिक बाजूची सगळी वाट, म्हणजे केबल, मेन स्विच, फ्यूज आणि सर्व जोड मिळून, ०.६ व्होल्ट खात होती. हे काही वावगे नव्हते. वायरमनने एवढ्यावर मीटर खाली ठेवला आणि म्हणाला, "वायरिंग क्लीन आहे, ताई."

वजा बाजू मोजायची फारशा जणांना सवय नसते, आणि यामागे कारण आहे. आपल्याकडची बरीच मंडळी मोटारगाड्या आणि ट्रक यांच्या वायरिंगवर शिकलेली असतात. गाडीत वजा बाजू म्हणजे सगळा पत्रा. ती वाट इतकी रुंद असते की तिच्याकडे पाहण्याची गरज क्वचित पडते. फायबरच्या बोटीत पत्राच नसतो. प्रवाह जितकी लांब केबल घेऊन पुढे जातो तितक्याच लांब केबलने त्याला परत यावे लागते, वाटेतले जोडही तितकेच, आणि ही परतीची केबल बहुधा तळाशी, ओलाव्याच्या अधिक जवळून नेलेली असते. आम्ही सुया बॅटरीच्या वजा टोकावर आणि मोटारीच्या वजा टोकावर ठेवल्या आणि पुतण्याने कळ दाबली. मीटरने १.७ व्होल्ट दाखवले. अधिक बाजूच्या जवळपास तिप्पट.

पुढचे काम सरळ होते. एक सुई बॅटरीवर ठेवून दुसरी एकेक जोड पुढे सरकवत नेली. इंजिनाच्या कप्प्यात सगळ्या वजा वायरी ज्या पितळी पट्टीवर येतात तिथपर्यंत काहीच गेले नाही. पट्टीवरचा नट घट्ट, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) स्वच्छ, चकचकीत. लगवर सुई ठेवली तरी काही नाही. मग वायरमननेच शक्कल लढवली: केबलच्या रबरी आवरणात, लगपासून हातभर पुढे, टाचणी टोचून तिच्यावर सुई लावली. १.३ व्होल्ट. म्हणजे दोष नटात नव्हता, पट्टीत नव्हता. लग आणि केबल ज्या ठिकाणी दाबून एकत्र केलेले असतात, त्या बाहेरून धड दिसणाऱ्या जोडाच्या पोटात होता.

मेन स्विच बंद करून केबल सोडवली आणि लगवरचे हीट श्रिंकचे, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे, काळे आवरण ब्लेडने उभे चिरले. वरून ते गुळगुळीत आणि अखंड होते, फक्त केबलच्या बाजूची कड जरा सुटली होती. आत तांब्याच्या बारीक तारांवर हिरवा कळंक चढला होता, आणि लगच्या तोंडाशी तो इतका माजला होता की तारांचा मूळ पीळच ओळखू येईना. लग पिरगाळली तेव्हा ती केबलपासून सहज सुटून हातात आली; आतल्या तारांपैकी बऱ्याचशा ठिसूळ होऊन तुटल्या होत्या आणि उरलेल्या थोड्या तारांमधून सगळा प्रवाह जात होता. १.३ व्होल्ट आणि १७० अँपिअर यांचा गुणाकार सुमारे २२० वॅट होतो, म्हणजे शंभर वॅटचे दोन बल्ब अंगठ्याएवढ्या जागेत जळावेत तितकी उष्णता तिथे निर्माण होत होती. तापला की जोडाचा विरोध आणखी वाढायचा, थंड झाला की थोडा उतरायचा. थ्रस्टर सुरुवातीला बरा चालून नंतर का ढेपाळायचा आणि विश्रांतीनंतर पुन्हा का चालू व्हायचा, याचे उत्तर एवढेच होते.

जिथे खारे पाणी कधी थेट पोहोचत नाही अशा जागी हे घडले कसे, हा प्रश्न वायरमनने विचारला आणि तो रास्त होता. बारीक तारांची केबल वातीसारखे काम करते. तळाशी साचलेल्या ओलाव्याचा एखादा थेंब सुटलेल्या कडेतून आत शिरला की केशाकर्षणाने तो तारांमधून पुढे सरकत जातो, आणि खाऱ्या हवेतला क्षार त्याच्या सोबत असतोच. ही केबल साध्या तांब्याची होती. बोटीसाठी मिळते ती केबल वेगळी असते: तिच्या प्रत्येक तारेवर कथिलाची कल्हई असते, आणि कळंक चढायला फार वेळ लागतो. किमतीत फरक पडतो, हे मान्य. परंतु किनाऱ्यावर वर्षाचे बाराही महिने हवा दमट असताना या ठिकाणी काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ टोक कापून नवी लग दाबावी, असाही एक विचार होता. आम्ही केबल वीतभर मागे कापून पाहिली, तरी आतल्या तारा काळ्याच निघाल्या, म्हणून वजा बाजूची पूर्ण केबल बदलली. जाडीचा हिशेब त्या निमित्ताने पुन्हा केला. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा विरोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. आमच्या बोटीत बॅटरीपासून मोटारीपर्यंत आठ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सोळा मीटर केबल लागते. ती ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर दोनशे अँपिअरला १.६ व्होल्ट केबलमध्येच संपतात. ७० ची घेतली तर ०.८. आमची मुळातली जाडी ७० होती आणि ती योग्य होती. लग दाबण्यासाठी षटकोनी जबड्याचे हायड्रॉलिक यंत्र वापरले; हातोडी आणि छिन्नीने ठोकून बसवलेली लग वरून पक्की वाटते, पण तिच्या पोटात हवा राहते आणि हवेबरोबर ओलावा. वरून आतल्या बाजूला गोंद असलेले हीट श्रिंक चढवले, जे तापवले की कडेला गोंदाची बारीक रेषा बाहेर येते. ती रेषा सगळ्या बाजूंनी दिसली, तरच आत पाणी जाणार नाही असे समजावे.

नवी केबल बसवल्यावर थ्रस्टर पहिल्यासारखा घुमू लागला, पण उजवीकडची कळ दाबल्यावर एखाद्या वेळी तो नुसताच टक करून गप्प बसायचा. आता दोष एकाच दिशेला होता, म्हणून या वेळी रोख थेट त्या दिशेच्या सोलेनॉइडवर गेला. ते उघडले तेव्हा तांब्याच्या संपर्क-चकतीवर काळे खड्डे पडलेले दिसले आणि एका कडेला तांबे वितळून गोळा झाले होते. इतके दिवस जी टक-टक ऐकू येत होती, तिच्या प्रत्येक टकीला या चकतीवर ठिणगी पडत होती. खराब लगने सोलेनॉइडही खाल्ले होते. दोन्ही सोलेनॉइड एकत्रच बदलली, कारण दुसऱ्यानेही तोच मार सोसला होता.

या खड्ड्यांमध्ये खरा धोका दडलेला असतो, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. वितळलेले तांबे दोन संपर्कांना एकमेकांना चिकटवू शकते. तसे झाले तर कळ सोडल्यावरही मोटार थांबत नाही, नाळ एका बाजूला फिरतच राहते, आणि पॅनेल बंद करूनही उपयोग होत नाही, कारण पॅनेलचा हुकूम ज्याने पाळायचा ते सोलेनॉइडच अडकलेले असते. अशा वेळी मेन स्विच हा एकच उपाय उरतो. आमचा मेन स्विच इंजिनाच्या कप्प्यात, दोन फळ्यांखाली होता. तो आता सुकाणूच्या शेजारी, बसल्या जागी हात पोहोचेल असा हलवला आहे, आणि बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला तो कुठे आहे हे आधी दाखवले जाते. टक-टक करणारा थ्रस्टर तसाच वापरत राहणे हे या कारणासाठी अजिबात योग्य नाही. धक्क्याजवळ लहान मुले पोहत असतात, आणि थ्रस्टर चालू असताना बोगदा पाणी आत ओढतो.

सगळे जोडून झाल्यावर पुन्हा मापे घेतली. बॅटरीवर भाराखाली ११.४, मोटारीवर १०.२, प्रवाह दोनशे अँपिअर. अधिक आणि वजा या दोन्ही बाजूंची गळती आता सारखी आहे, प्रत्येकी ०.६ व्होल्ट. हे आकडे तारखेसह कप्प्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कधी शंका आली तर कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न पडणार नाही. मोटार उतरवावी लागली नाही. तांडेलांनी सुचवलेले कार्बनही झाकण काढून पाहिले. ते अजून पुष्कळ लांब होते, पण त्यांची काळी पूड मोटारीत साचली होती, ती ब्रशने साफ केली. वायरमन आता मच्छीमार बोटींचे स्टार्टर तपासतानाही वजा बाजूला सुई लावतो, याचा मला फार आनंद वाटतो, कारण स्टार्टरचा प्रवाहही असाच मोठा असतो आणि तिथेही अनेकदा नवी बॅटरी विकत घेऊन दोष जागेवरच राहतो.

एक मोठा प्रश्न मात्र चर्चेत आहे, आणि तो म्हणजे थ्रस्टरसाठी वेगळी बॅटरी नाळेतच ठेवावी का. आठ मीटरची केबल दीड मीटरवर आली तर केबलमधली गळती जवळपास नाहीशी होते, जोड कमी होतात, आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी थ्रस्टरने रिकामी केली असे कधी होत नाही. पुतण्याचा कल तिकडे आहे. माझी अडचण अशी, की वीस-पंचवीस किलो वजन नाळेत गेले तर ही हलकी बोट लाटेत नाक खुपसू लागेल. शिवाय त्या बॅटरीला चार्जिंगसाठी मागून वायर न्यावीच लागेल, आणि नाळेतल्या बंद कप्प्यात हायड्रोजन साचू नये म्हणून हवेची वाट काढावी लागेल, जी पावसाळी लाटांना आत येण्याचीही वाट ठरू शकते. जूनमध्ये बोट वर ओढून शाकारली की नाळेत वजन ठेवल्यावर ती पाण्यात कशी बसते, हे पाहता येणार नाही, म्हणून मे संपण्याआधीच वीस लिटरचा एक भरलेला कॅन नाळेत बांधून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे ठरवले आहे. वायव्येच्या वाऱ्यात, सुकतीच्या वेळी. त्यात बोट कशी वागते यावर बॅटरीचे काय ते ठरेल.